वाटी किती मिलीची?

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी बारा वर्षं काढली. तिथला तराजू ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवायचा. काचेचं दार जरा उघडं राहिलं तर पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा नाचायचा. अशा तराजूपुढे आयुष्य घालवलेल्या बाईने सदतिसाव्या वर्षी पोषणशास्त्रात एमएस्सीला नाव घातलं, आणि पहिल्याच आठवड्यात मॅडमनी वर्गाला विचारलं, "तुमच्या घरची वाटी किती मिलीची?"

वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, "नॉर्मल वाटी." मॅडम म्हणाल्या, "नॉर्मल वाटी मला अजून भेटलेली नाही. घरी जा आणि मोजून आणा."

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात सासूबाईंच्या मांडणीवर स्टीलच्या वाट्यांची उतरंड आहे. लग्नातल्या आहेराच्या, हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेल्या, एखादी शेजारणीची चुकून राहिलेली. बहुतेकींवर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. मी ओट्यावर मापाचा जग घेऊन बसले आणि एकेकीत पाणी भरत गेले. आमटीची वाटी १८०. भाजीची १५०. वाणाच्या पाच वाट्या पाच हळदीकुंकवांच्या, त्यामुळे ११० पासून १४० पर्यंत पाच तऱ्हा. नैवेद्याची ५०. सासूबाई दारातून बघत होत्या. "एमेस्सीला हे शिकवतात?" त्यांनी विचारलं. मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

पुढच्या तासाला त्या वाटीचं गणित झालं. आमच्याकडे पाच माणसांना ७५ ग्रॅम तूरडाळ शिजते आणि तिचं साधारण ९०० मिली वरण होतं. म्हणजे १५० मिलीच्या वाटीत साडेबारा ग्रॅम डाळ. तूरडाळीत शंभर ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे वाटीभर वरणात पावणेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात. आणि आम्ही पिढ्यानपिढ्या मुलांना सांगतोय, वरण खा, ताकद येते! वाटी १८० ची धरली तर आकडा थोडा सुधारतो, वरण पातळ केलं तर पुन्हा खाली येतो. पाहुणा आला की आमच्याकडे डाळ वाढत नाही, पाणी वाढतं. हे मी वर्गात बोलून गेले आणि सगळ्या मुली हसल्या. त्यांच्याही घरी तेच होतं.

मी या अभ्यासाकडे का वळले ते सांगायला हवं. लॅबमध्ये आमच्याकडे लोहाच्या गोळ्यांच्या बॅचेस तपासायला यायच्या. गोळीवर लिहिलंय तितकं लोह आत आहे की नाही, हे मी दशांशापर्यंत सांगत असे. मुलाच्या वेळी माझंच हिमोग्लोबिन ९ वर आलं. डॉक्टरांनी लोहाच्याच गोळ्या दिल्या. आठवडाभर घेतल्या, मळमळ, बद्धकोष्ठ, तोंडाला ती गंजकी चव. मग पाकीट कपाटाच्या खणात गेलं. प्रत्येक तपासणीला डॉक्टर विचारायच्या, "गोळ्या चालू आहेत ना?" आणि मी "हो" म्हणायचे. गोळीत किती लोह आहे हे मला ठाऊक होतं, पण माझ्या पोटात किती गेलं याचा आकडा कागदावर खोटाच लागला होता, आणि तो मीच लावला होता. ही गोष्ट कित्येक वर्षं डोक्यात राहिली.

प्रवेशाची कहाणी फारशी रंजक नाही. काही ठिकाणी गृहविज्ञानाची पदवीच लागते, काही ठिकाणी रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र चालतं. मुंबईतल्या एका ठिकाणी माझी बीएस्सी केमिस्ट्री चालली, प्रवेश परीक्षा दिली, नोकरी सोडली. नवरा म्हणाला, "दोन वर्षं काटकसर करू." सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा डबा त्या करू लागल्या. ठाण्याहून सुटणारी लोकल पकडली की बसायला मिळायचं, आणि दादर येईपर्यंत बायोकेमिस्ट्रीची दहा पानं वाचून व्हायची. वर्गातल्या मुली बावीस-तेवीसच्या. पहिला महिना मला "मॅम" म्हणाल्या, मग "ताई", आणि शेवटच्या सत्रात सरळ "काकू". मला काकूच आवडलं. ताईला कुणी नोट्स करून देत नाही.

लॅबचे तास मात्र माझे होते. अन्नाचं पृथक्करण म्हणजे ओलावा, राख, स्निग्धांश, प्रथिनं, तंतू, आणि उरलेलं ते कर्बोदक. हो, अगदी असंच. कर्बोदकं बहुधा मोजली जात नाहीत, शंभरातून बाकीचं वजा करून जे उरेल ते त्यांच्या नावावर टाकतात. म्हणजे बाकी सगळ्यांच्या चुका कर्बोदकांच्या गळ्यात. घरच्या मोठ्या सुनेसारखं आहे हे.

प्रथिनांसाठी केल्डालची पद्धत. योहान केल्डाल हा कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेतला माणूस. त्याने १८८३ साली ही पद्धत दिली आणि जग अजून तीच वापरतं. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, काळाभोर रस्सा हळूहळू स्वच्छ होईपर्यंत थांबायचं, मग अल्कली घालून अमोनिया उडवायचा, बोरिक आम्लात पकडायचा आणि टायट्रेट करायचा, म्हणजे आम्ल थेंबथेंब घालून तो किती आहे ते मोजायचं. मिळतो तो नायट्रोजन. त्याला ६.२५ ने गुणलं की प्रथिनं, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. मुली त्या धुराला घाबरायच्या. मी फ्यूम हूडपुढे, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटापुढे, उभी राहिले की माहेरी आल्यासारखं वाटायचं.

तिथेच मॅडमनी २००८ मधली चीनची दूध भेसळ सांगितली. दुधात पाणी घातलं, आणि कमी झालेली प्रथिनं लपवायला मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन घातलं. मेलामाइनचं दोनतृतीयांश वजन नायट्रोजनचंच. चाचणी पास. लहान मुलांच्या मूत्रपिंडांत खडे झाले, मुलं दगावली. मॅडम म्हणाल्या, "केल्डाल खोटं बोलला नाही. तुम्ही त्याला नायट्रोजन विचारलात, त्याने नायट्रोजन सांगितला." मी हे वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवलं. का, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

आकड्यांचा आमचा धर्मग्रंथ म्हणजे एनआयएनचे, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचे, अन्नघटकांचे तक्ते. हैदराबादची ही संस्था मुळात १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरच्या बेरीबेरीच्या (ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या) संशोधनातून सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला हलली. तिच्या जुन्या तक्त्यांवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांचे डाएट चार्ट उभे आहेत. २०१७ मध्ये नवे तक्ते आले, देशाचे सहा विभाग पाडून नमुने गोळा केलेले, ५२८ पदार्थांचे. आणि तिथे माझ्या पोह्यांचा घात झाला. जुन्या तक्त्यात पोह्यांत शंभर ग्रॅमला २० मिलिग्रॅम लोह. नव्यात साडेचारच्या आसपास. बाळंतिणीला, शाळकरी पोरीला, "पोहे खा, लोह असतं" हे सांगणारे निम्मे सल्ले एका ओळीत कोसळले. नाचणीचंही तसंच. कॅल्शियम खरोखर भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. पण लोहासाठी तिची जी कीर्ती आहे ती काही तक्त्यांनी दिलेली नाही, पाच मिलिग्रॅमलाही ती पोचत नाही. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "तक्ता बदलला म्हणून पोहे बदलले नाहीत." त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण त्यांना वाटत होतं त्या अर्थाने नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डाएट विभागात महिनाभर उमेदवारी केली. सकाळी सातला किचन. कुठल्या खाटेला बिनमिठाचं, कुठल्याला मधुमेहाचं, कुठल्याला नळीवाटे द्यायचं पातळ फीड, याची यादी फळ्यावर. किडनीच्या रुग्णांची भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम बरंच निघून जातं. चवही निघून जाते. एका आजोबांचा पोटॅशियमचा रिपोर्ट दोन दिवस खाली येईना. ट्रॉलीवरून जातं ते सगळं मी स्वतः तपासलेलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेखाली पाय लागून काहीतरी गडगडलं. शहाळं. बाहेरच्या गाडीवरून मुलगा रोज दोन आणत होता. "आजारी माणसाला ताकदीला बरं," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत, "आम्हाला कुणी विचारलंच नाही." किडनी काम करत नसेल तर शहाळ्याचं पोटॅशियम थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही रोज विचारत होतो, "जेवण झालं का?" जेवण झालं होतं. शहाळं म्हणजे कुठे जेवण!

प्रबंधासाठी विषय घेतला जांभळी नाक्याच्या बाजारात बसून भाजी विकणाऱ्या बायकांचा आहार आणि हिमोग्लोबिन. शहापूर, वासिंद, मुरबाडकडून पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन येणाऱ्या बायका. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. दिवसभर हिरव्या पालेभाजीच्या ढिगापाठी बसणाऱ्या बाईचं काय, हा माझा प्रश्न. नैतिक समितीपुढे मांडला, मंजुरी मिळाली. संमतीपत्र मी मराठीत लिहिलं होतं. पहिल्याच मावशींना वाचून दाखवलं, "सदर संशोधनातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून..." त्या म्हणाल्या, "बाई, कोर्टाचं काय असेल तर माझ्या मुलाला विचार." त्या रात्री पत्र पुन्हा लिहिलं, समितीकडून पुन्हा मंजूर करून घेतलं. पंधरा दिवस गेले, पण बरं झालं.

चोवीस तासांचा आहार आठवून घ्यायची एक रीत असते. आधी काल सकाळपासून काय काय पोटात गेलं ते सलग सांगू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मग विसरलेलं काढायचं: चहा, साखर, तोंडात टाकलेले शेंगदाणे, देवळातला प्रसाद. मग वेळ, मग प्रमाण, शेवटी पुन्हा सगळं वाचून दाखवायचं. पुस्तकात अर्ध्या पानात मावतं. बाजारात प्रत्येक वाक्याला गिऱ्हाईक येतं. "सकाळी चहा घेतला, मग... मेथी वीसला, दोन घेतल्या तर पस्तीस... मग गाडीत बसले." मी माझ्या पिशवीतून मापाच्या तीन वाट्या काढल्या की आजूबाजूच्या बायका जमायच्या. भाजी किती घेतलीत, या वाटीने की त्या? एक मावशी तिन्ही वाट्या हातात घेऊन म्हणाल्या, "वाटी कुठली, भाकरीवरच घेतो ना." झालं. दहा ठिकाणचं पाणी मोजून आणलेलं माझं शास्त्र भाकरीवर जाऊन बसलं. मग मीच घरून भाकरी आणि भाजी नेली, त्यांनी घेतात तेवढी भाजी भाकरीवर काढून दाखवली, आणि मी ती खिशातल्या छोट्या तराजूवर तोलली. बाजारात हे दृश्य बघायला गर्दी झाली. कुणीतरी विचारलंही, "वजनमापवाल्या का तुम्ही?"

पहिले आठ-दहा दिवस मला जे आकडे मिळत होते ते फार छान होते. सगळ्या दोन वेळा डाळ खात होत्या, फळंही खात होत्या. मला संशय यायला हवा होता, पण आकडे छान असले की लॅबमधल्या माणसाचीही मती गुंग होते. एके दुपारी भाकरीवर भाजी घेणाऱ्या त्याच मावशी मोकळ्या होत्या. मी वही उघडली तर त्यांनी उलट विचारलं, "तू काल काय खाल्लंस ते सांग आधी."

मी सांगू लागले. सकाळी उपमा, दुपारी पोळीभाजी, वरण, कोशिंबीर, संध्याकाळी एक फळ. बोलता बोलता कान गरम झाले. कोशिंबीर परवाची होती. फळ आणलं होतं, खाल्लं नव्हतं. आणि रात्री अकराला प्रबंध लिहिताना मुलाच्या डब्यातल्या खाऱ्या शंकरपाळ्यांचा फडशा पाडला होता, तो माझ्या तोंडून आलाच नाही. मावशी शांतपणे ऐकत होत्या. "मॅडमसमोर सांगतो तसंच सांगितलंस," त्या म्हणाल्या.

मी शंकरपाळ्या कबूल केल्या. मग त्यांनी त्यांचा काल सांगितला. पहाटे साडेतीनला काळा चहा. बाजारात आल्यावर चहा आणि खारी. दुपारी घरून आणलेली भाकरी, सुकटाची चटणी, सोबत पुन्हा चहा. चार वाजता वडापाव आणि चहा. रात्री घरी जाऊन भात आणि जी उरली असेल ती भाजी. डाळ आठवड्यातून दोनदा. पाटीतली पालेभाजी? "ती विकायची असते."

सुरुवातीच्या सगळ्या मुलाखती मी रद्द करून पुन्हा घेतल्या. गाईड रागावल्या, पण थोडंच. या वेळी वही मांडीवर न ठेवता आधी माझा काल सांगायचे, शंकरपाळ्यांसकट. तेवढ्याने प्रत्येक आकडा खरा झाला असं मी म्हणणार नाही, पण फळं गायब झाली आणि चहा दुपटीने वाढला.

चहाचं महत्त्व तेव्हा कळलं. भाकरी-भाजीतल्या लोहाचा मुळातच थोडा भाग शरीर घेतं. त्याच वेळी चहा प्यायला की त्यातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात आणि तोही थोडा भाग आणखी घटतो. लिंबू किंवा आवळा असेल तर उलटं, क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. उपाय पुस्तकात सोपा आहे: जेवण आणि चहा यांत तासभराचं अंतर. मी सांगितल्यावर एक ताई म्हणाली, "चहावाला येतो तेव्हा चहा, गिऱ्हाईक नसतं तेव्हा जेवण. दोन्ही एकदम आलं तर मी काय करू?" माझ्या वहीत याला रकाना नव्हता.

आकडेमोडीत आणखी एक धडा मिळाला, तो जरा किचकट आहे पण सांगते, कारण वर्तमानपत्रांत ही चूक रोज दिसते. एनआयएनच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ बाईसाठी लोहाचे दोन आकडे आहेत. १५ मिलिग्रॅम ही सरासरी गरज, म्हणजे निम्म्या बायकांना पुरेल इतकी. २९ ही शिफारस, म्हणजे जवळजवळ सगळ्यांना पुरावी इतकी. मासिक पाळीत कुणाचं रक्त किती जातं यात फार फरक असतो, म्हणून हे अंतर एवढं मोठं. माझ्या पहिल्या मसुद्यात "जवळपास सर्वच स्त्रियांचा लोहाचा आहार शिफारशीपेक्षा (२९) कमी" असं दणदणीत वाक्य होतं. गाईडनी लाल पेनाने २९ खोडून १५ केलं आणि बाजूला लिहिलं, "समूहाला शिफारशीने मोजायचं नसतं." २९ पेक्षा कमी खाणारी प्रत्येक बाई उपाशी नसते. वाक्य मऊ झालं, खरं झालं, आणि तरीही काळजी करण्यासारखंच राहिलं.

हिमोग्लोबिनसाठी तंत्रज्ञ ताई बरोबर यायच्या. पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. १२ च्या खाली असेल तर चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवायचं. चिठ्ठ्या बऱ्याच द्याव्या लागल्या. मावशींनाही दिली. त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या खेपेला मी "गोळ्या चालू आहेत ना?" हा प्रश्न जिभेवरून परत फिरवला आणि म्हटलं, "मावशी, मी माझ्या गोळ्या आठवड्यात कपाटात टाकल्या होत्या. मळमळायचं." त्यांनी कमरेची पिशवी उघडून पाकीट दाखवलं. चार गेल्या होत्या, बाकी तशाच. "जेवल्यावर घेऊन बघा," मी म्हटलं, "थोडं कमी शोषलं जाईल, पण खणात पडून राहण्यापेक्षा बरं." हे मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं होतं, उगाच शहाणपणा नको.

तोंडी परीक्षा झाली, निकाल लागला. आता नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेआधीची सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे. घरी सासूबाईंनी १५० मिलीची वाटी वेगळी काढून ठेवली आहे. कुणी आलं की सांगतात, ही सुनेची एमेस्सीची वाटी. वरणात डाळ मूठभर जास्त पडते हल्ली. त्याचं श्रेय मात्र त्या तूरडाळीचा भाव उतरल्याला देतात.

जूनच्या सुरुवातीला पहिला पाऊस पडला आणि बाजारात शेवळं ही रानभाजी आली. मी गेले तर मावशींनी पाट्यांमागून विचारलं, "वही कुठाय?"

"आज वही नाही. शेवळं द्या."

त्यांनी जुडी बांधली, वर हिरवी काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, टाकली. काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. आमच्या तक्त्यांत शेवळं मला सापडली नव्हती, काकडं तर नाहीतच, त्यामुळे त्यांनाच विचारलं, "काकडं किती घालायची?"

"जुडीला मूठभर."

"कुणाची मूठ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि पिशवीत आणखी चार काकडं टाकली. "माझी," त्या म्हणाल्या.